हेरवाडचा ठराव आणि विधवेचा वाटा

कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव संमत केला. पतीच्या अंत्यविधीच्या वेळी पत्नीच्या कपाळावरचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, हातातल्या बांगड्या फोडणे आणि पायातली जोडवी काढून घेणे हे प्रकार गावात होऊ नयेत, आणि विधवा स्त्रीला धार्मिक किंवा सामाजिक कार्यक्रमांतून वगळले जाऊ नये, असा त्याचा आशय होता. सरपंच सुरगोंडा पाटील यांच्या कारकिर्दीत झालेल्या या ठरावामागे सोलापूर जिल्ह्यातील करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे प्रमोद झिंजाडे यांची प्रेरणा होती. करोनाच्या साथीत अकाली वैधव्य आलेल्या स्त्रियांची संख्या वाढल्यानंतर झिंजाडे यांनी ग्रामपंचायतींनी असे ठराव करावेत म्हणून प्रयत्न चालवले होते. त्याच आठवड्यात, ६ मे रोजी, राजर्षी शाहू महाराजांच्या निधनाला शंभर वर्षे पूर्ण होत होती. हेरवाडपाठोपाठ हातकणंगले तालुक्यातील माणगावनेही असा ठराव केला. हे तेच माणगाव, जिथे मार्च १९२० मध्ये शाहू महाराज आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर एका व्यासपीठावर आले होते. १७ मे २०२२ रोजी राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून सर्व ग्रामपंचायतींना हेरवाडचे अनुकरण करण्यास सांगितले, आणि पुढे महाराष्ट्रातील हजारो ग्रामपंचायतींनी तसे ठराव केले.

या ठरावाचे महत्त्व केवळ एका क्रूर प्रथेच्या निषेधात नाही. निषेध एकोणिसाव्या शतकापासून होतच आला आहे. महत्त्व आहे ते हा प्रश्न एखाद्या घराच्या सदसद्विवेकावर न सोडता गावाच्या सभेने तो आपल्या अखत्यारीत घेतला याला. स्त्रियांच्या वाट्याला येणारा भेदभाव हा वाईट स्वभावाच्या माणसांनी केलेला अन्याय आहे, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती खरी असती, तर भल्या माणसांच्या घरांत बांगड्या कधीच फुटल्या नसत्या. प्रत्यक्षात त्या सुशिक्षित, प्रेमळ आणि सुनेला लेकीसारखे वागवणाऱ्या घरांतही फुटत आल्या, कारण ही गोष्ट व्यक्तीच्या स्वभावाची नसून सामाजिक संस्थेच्या नियमाची आहे.

‘सामाजिक संस्था’ या संज्ञेचा समाजशास्त्रातील अर्थ नोंदणीकृत मंडळ किंवा कार्यालय असा नाही. माणसांच्या मूलभूत गरजांभोवती पिढ्यानपिढ्या स्थिरावलेली नियमांची, भूमिकांची आणि दर्जांची जी व्यवस्था असते तिला संस्था म्हणतात, आणि त्या अर्थाने कुटुंब, विवाह, धर्म, मालमत्ता व शासन या संस्था होत. संस्थेचा नियम लिहिलेला असतोच असे नाही. तो मोडला तर कोण बोलेल, कोण बहिष्कार घालेल आणि कोणाला अपशकुनी ठरवले जाईल हे सर्वांना ठाऊक असते, एवढे पुरेसे असते. अशा नियमांनी जेव्हा स्त्री आणि पुरुष यांच्या हक्कांत, प्रतिष्ठेत किंवा संधींत जन्मापासूनच फरक पाडला जातो, तेव्हा त्याला संस्थात्मक लिंगभेद म्हणतात. त्याचे लक्षण असे की तो घडवून आणण्यासाठी कोणाच्याही मनात द्वेष असण्याची गरज पडत नाही.

पत्नी निवर्तलेल्या पुरुषाच्या देहावर समाज कोणतीही खूण करत नाही. त्याचा पोशाख बदलत नाही, मुलाच्या लग्नात त्याला मागे बसवले जात नाही, आणि त्याच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी वर्ष सरायच्या आत सुरू झाली तरी कोणाला वावगे वाटत नाही. स्त्रीच्या बाबतीत मात्र लग्नपत्रिकेतील ‘सौ.’ आणि ‘गं. भा.’ या उपपदांपासून हळदीकुंकू, ओटी भरणे, वटपौर्णिमा, गौरी-गणपती आणि घरच्या लेकीचे लग्न यांपर्यंत प्रत्येक ठिकाणी तिचा नवरा हयात आहे की नाही याची जाहीर नोंद घेतली जाते. तिचा सामाजिक दर्जा तिच्या वयाने, कर्तृत्वाने किंवा मातृत्वानेही स्थिर होत नाही, कारण तो दुसऱ्याच्या आयुष्याला जोडलेला असतो.

बांगड्या फोडण्याचे काम बहुतेक ठिकाणी बायकाच करतात, आणि त्यावरून ‘बायकाच बायकांच्या वैरी’ असा निष्कर्ष काढण्याची मोठी सवय आपल्या समाजाला आहे. हा निष्कर्ष उथळ आहे. नियम ठरवण्याचा अधिकार आणि नियम बजावण्याचे काम या दोन वेगळ्या गोष्टी असून, पुरुषसत्ता, म्हणजे घरातील व समाजातील निर्णयाचा अधिकार परंपरेने पुरुषांकडे ठेवणारी व्यवस्था, टिकते ती बजावणीचे काम वडीलधाऱ्या स्त्रियांकडे सोपवूनच. ज्या सासूने स्वतः हे सोसले आहे तिला दुसरा मार्ग कोणी दाखवलेला नसतो, आणि चार बायकांसमोर रीत मोडल्याचा बोल तिलाच लागणार असतो. म्हणूनच गावाच्या सभेने नियम मागे घेणे हे त्या सासूलाही मोकळे करणारे असते. ‘गावाने ठरवले आहे’ हे वाक्य पाठीशी असले की जे एकटीला जमत नव्हते ते घडू शकते.

कोल्हापूरच्या इतिहासात या प्रथेतील विसंगती विशेष ठळक दिसते, कारण करवीरचे राज्य ज्या स्त्रीने उभे केले ती विधवा होती. छत्रपती राजाराम महाराजांचे मार्च १७०० मध्ये सिंहगडावर निधन झाल्यानंतर महाराणी ताराबाईंनी सात वर्षे औरंगजेबाच्या सैन्याशी झुंज दिली, आणि पुढे पन्हाळ्यावर स्वतंत्र गादी स्थापन केली. कोल्हापुरात कावळा नाक्यावर त्यांचा अश्वारूढ पुतळा उभा आहे आणि शहराला त्यांचा सार्थ अभिमान आहे. तरीही एवढ्या कर्तबगार स्त्रीला राज्य करावे लागले ते अल्पवयीन मुलाच्या नावाने, आणि १७१४ मध्ये सत्तांतर होऊन गादीवर सवतीचा मुलगा बसताच त्यांच्या वाट्याला कैद आली. राज्य ही संस्था स्त्रीला पालक म्हणून स्वीकारत होती, स्वामी म्हणून नाही, आणि हा फरक शेतजमिनीपर्यंत खाली झिरपलेला होता.

वैधव्याचे स्वरूप सर्व जातींत सारखे नव्हते, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते. ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या जातींत विधवेचे केशवपन, म्हणजे डोके भादरणे, आणि आजन्म एकभुक्त राहणे ही रीत होती. उलट अनेक शेतकरी व कारागीर जातींत विधवेला दुसरा घरोबा करता येई, आणि त्याला पाट किंवा मोहतूर म्हणत. परंतु पाटाला लग्नाची प्रतिष्ठा नव्हती. तो गाजावाजा न करता, बहुधा रात्री लागे, आणि कुळीचा अभिमान बाळगणारी घराणी त्यापासून दूर राहत. जसजशी एखादी जात किंवा घराणे संपन्न होई, तसतसा तेथे पाट बंद पडे आणि वैधव्याचे निर्बंध कडक होत, म्हणजे स्त्रीच्या स्वातंत्र्यात झालेली घट हीच प्रतिष्ठेची खूण मानली जाई. संपत्ती आणि शिक्षण वाढले की स्त्रीवरील बंधने आपोआप गळून पडतात, हा समज किती फसवा आहे हे यावरून कळते.

ब्रिटिश हद्दीत १८५६ मध्ये विधवा पुनर्विवाहाचा कायदा झाला, परंतु त्याच कायद्यातील एका कलमाने पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रीचा पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील हक्क काढून घेतला. मुंबई उच्च न्यायालयाने तर पाटाची रूढी ज्या जातींत आधीपासून होती त्यांनाही पुढे हे कलम लागू केले. महात्मा फुले यांचे पुण्यातील बालहत्या प्रतिबंधक गृह (१८६३), ताराबाई शिंदे यांची ‘स्त्री-पुरुष तुलना’ (१८८२), पंडिता रमाबाईंचे शारदा सदन (१८८९) आणि महर्षी कर्वे यांचे पुण्यातील कार्य ही त्या काळातील मोठी पावले होती, परंतु त्यांच्या हाती शासनाची सत्ता नव्हती. कोल्हापुरात ती शाहू महाराजांच्या हाती होती, आणि त्यांनी ती वापरली. १९१७ मध्ये त्यांनी आपल्या संस्थानात पुनर्विवाहाला कायदेशीर मान्यता देऊन त्याच्या नोंदणीची तरतूद केली, त्याच वर्षी सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा आदेश काढला, १९१९ मध्ये स्त्रियांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला आणि १९२० मध्ये जोगतिणी व अनौरस संतती यांच्या हक्कांबाबत कायदा केला. घरातील छळ हा घरातल्यांचा खासगी मामला नसून दखलपात्र विषय आहे हे तत्त्व भारतीय संसदेने कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात २००५ मध्ये सविस्तर मान्य केले. करवीर संस्थानाने त्या दिशेने सुमारे ८६ वर्षे आधी पाऊल टाकले होते.

महाराजांची कसोटी लागली ती मात्र स्वतःच्या घरात. त्यांचे धाकटे पुत्र राजकुमार शिवाजी यांचा १२ जून १९१८ रोजी शिकारीच्या वेळी अपघाती मृत्यू झाला, आणि त्यांच्या पत्नी इंदुमतीदेवी वयाची बारा वर्षे पूर्ण होण्याआधीच विधवा झाल्या. राजघराण्यातील रिवाज या मुलीला पडद्याआड आणि व्रतवैकल्यांत बसवू पाहत होता; महाराजांनी तिला सोनतळी येथे ठेवून शिक्षकांकडून तिचे रीतसर शिक्षण सुरू केले आणि सोबतीला निरनिराळ्या जातींतील मुली दिल्या. पुढे इंदुमतीदेवींनी कोल्हापुरात स्त्रीशिक्षणाचे मोठे कार्य केले. संस्थानातील मुलींच्या शिक्षणाची धुरा रखमाबाई केळवकर यांच्याकडे होती आणि त्यांच्या कन्या कृष्णाबाई डॉक्टर होऊन कोल्हापूरच्या रुग्णालयात सेवा करत होत्या, म्हणजे शिकलेल्या स्त्रीला काम देणारी जागाही त्याच वेळी निर्माण होत होती. शिक्षण देणे आणि शिकलेलीला पद देणे या दोन्ही गोष्टी एकत्र झाल्या म्हणूनच तेथे बदल रुजला.

एवढा वारसा असलेल्या जिल्ह्यात विधवा प्रथाबंदीचा ठराव २०२२ मध्ये करावा लागला, याचे कारण मालमत्तेच्या संस्थेत शोधावे लागते, आणि या विषयाचा खरा गाभा तोच आहे. जुन्या हिंदू कायद्यात विधवेला पतीच्या मिळकतीवर जो काही हक्क मिळे तो ‘मर्यादित’ असे. म्हणजे तिने हयातभर उत्पन्न खावे, परंतु जमीन विकू नये किंवा कोणाला देऊ नये. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने ती मर्यादा काढली आणि विधवेला मुलामुलींच्या व सासूच्या बरोबरीने पहिल्या वर्गातील वारस केले. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मात्र जन्मतः हक्क मिळणारे सहदायाद पुरुषच राहिले. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना सहदायाद केले, पण २२ जून १९९४ पूर्वी ज्यांचे लग्न झाले होते त्यांना वगळले; जणू लग्न झाल्याने मुलगी बापाची उरत नाही. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो भेद संपवला आणि सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात मुलीचा हा हक्क जन्मसिद्ध असल्याचे निःसंदिग्धपणे सांगितले. तरी कायद्यातील भेद पूर्ण गेलेला नाही. याच कायद्याच्या १५ व्या कलमाप्रमाणे अपत्यहीन विवाहित स्त्री मृत्युपत्र न करता मरण पावली आणि पती हयात नसला, तर तिची स्वकष्टार्जित मिळकत तिच्या आईवडिलांच्या आधी पतीच्या वारसांकडे जाते. पुरुषाच्या मिळकतीला असा उलटा नियम लागू नाही.

कागदावर मिळालेला हक्क प्रत्यक्षात कुठे जातो, हे पश्चिम महाराष्ट्रातील कोणत्याही दुय्यम निबंधक कार्यालयात दिसते. वडील गेल्यावर बहिणी हक्कसोडपत्र करून देतात, म्हणजे आपला वाटा भावांच्या नावे मोफत सोडून देतात, आणि ते प्रेमाने केले असे म्हटले जाते. त्यात प्रेम असतेच; परंतु वाटा मागितला तर माहेर तुटेल, आणि उद्या सासरी काही बरेवाईट झाले तर परतायला दार उरणार नाही, ही भीतीही असते. आपल्याकडील विवाहपद्धती पतिगृहनिवासाची आहे, म्हणजे लग्नानंतर स्त्री पतीच्या घरी जाते, आणि म्हणून माहेरची जमीन तिने कसायची नाही असे गृहीत धरलेले असते. सासरची जमीन तर सासऱ्याच्या, नवऱ्याच्या किंवा दिराच्या नावावर. अशी स्त्री विधवा होते तेव्हा वारस नोंदीचा फेरफार वेळेवर झाला नाही, किंवा सातबाऱ्यावर तिचे नाव केवळ ‘इतर हक्कां’च्या रकान्यात लागले, तर त्याचे परिणाम एकामागून एक येतात. उसाच्या पट्ट्यात जमीन नावावर असेल त्याच्या नावाने ऊस नोंदला जातो, बिल त्याच्या खात्यावर जमा होते, विकास सेवा सोसायटीचे पीककर्ज त्यालाच मिळते, आणि सोसायटीच्या व कारखान्याच्या निवडणुकीत मत देण्याचा अधिकारही सभासदालाच असतो. भांगलणीपासून तोडणीपर्यंत शेतात राबणारी स्त्री या सर्व संस्थांच्या दृष्टीने शेतकरीच ठरत नाही.

या साखळीकडे पाहिले म्हणजे कुंकू पुसण्याच्या विधीचा सामाजिक अर्थ उलगडतो. ज्या घरात स्त्रीचे स्थान केवळ नवऱ्यामुळे आहे, त्या घरात तो गेल्यावर ते स्थान बदलले आहे हे चारचौघांत जाहीर करणारा हा विधी आहे. शुभकार्यातून बाजूला झालेली, आवाज न चढवणारी, दिरांच्या आधाराने राहणारी स्त्री वाटा मागण्याची शक्यता कमी असते. प्रत्येक घरात हा हिशेब कोणी जाणूनबुजून करते असे नाही, परंतु व्यवस्थेचा परिणाम तोच होतो.

आणि म्हणून हा भेदभाव वैधव्याच्या वेळी नव्हे तर जन्माच्याही आधी सुरू होतो. शून्य ते सहा वयोगटातील दर हजार मुलग्यांमागे मुली किती, याला बाल लिंग-गुणोत्तर म्हणतात. कोल्हापूर जिल्ह्यात ते २००१ च्या जनगणनेत ८३९ होते, तर त्याच वेळी महाराष्ट्राचे ९१३. पाण्याने, सहकाराने आणि शिक्षणसंस्थांनी समृद्ध असलेला, शाहूंचे नाव घेणारा जिल्हा या बाबतीत राज्याच्या बराच मागे होता. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्रानेच १९८८ मध्ये केला होता आणि केंद्रीय कायदा १९९४ मध्ये आला, तरी सोनोग्राफी यंत्र वंशाच्या दिव्याच्या हट्टापुढे वाकवले गेले. जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या काळात कोल्हापुरात सोनोग्राफी यंत्रांना तपासणीची नोंद ठेवणारे ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ हे उपकरण जोडण्याचा उपक्रम राबवला गेला. २०११ मध्ये जिल्ह्याचे गुणोत्तर ८६३ वर आले, तर राज्याचे ८९४ पर्यंत घसरले. सुधारणा झाली खरी, पण जिल्हा राज्याच्या मागेच राहिला; वारस म्हणून मुलगाच हवा असे मालमत्तेची आणि विवाहाची संस्था सांगत असेल, तर यंत्रावरचा पहारा एकटा फार दूर नेऊ शकत नाही.

धर्मसंस्थेतील प्रवेशाचा प्रश्न कोल्हापुरात एप्रिल २०१६ मध्ये ऐरणीवर आला. करवीरनिवासिनी अंबाबाईच्या गाभाऱ्यात सामान्य स्त्रियांना प्रवेश नव्हता. देवता स्त्री आणि गाभारा स्त्रियांना बंद, ही स्थिती अनेकांना इतकी अंगवळणी पडली होती की तिच्यातील विरोध त्यांच्या नजरेला येत नव्हता. ‘मिळून साऱ्याजणी’च्या संस्थापक संपादक विद्या बाळ आणि अॅड. नीलिमा वर्तक यांनी शनिशिंगणापूरच्या संदर्भात केलेल्या याचिकेवर १ एप्रिल २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने १९५६ च्या मंदिर प्रवेश कायद्याची अंमलबजावणी करणे हे शासनाचे कर्तव्य असल्याचे स्पष्ट केले. मुळात दलितांच्या मंदिर प्रवेशाच्या चळवळीतून आलेला हा कायदा साठ वर्षांनी स्त्रियांच्या कामी आला, ही गोष्ट समतेच्या लढ्यांचे परस्परनाते दाखवणारी आहे. त्याच महिन्यात कोल्हापुरात गाभाऱ्यात गेलेल्या भूमाता ब्रिगेडच्या तृप्ती देसाई यांना धक्काबुक्की झाली. न्यायालयाने दार उघडले तरी आतील माणसे ते मान्य करतीलच असे नाही, याचा तो कटू पुरावा होता.

हेरवाडच्या ठरावाची मर्यादाही याच ठिकाणी आहे. ग्रामपंचायतीचा ठराव हा कायदा नव्हे. तो मोडणाऱ्याला शिक्षा करता येत नाही आणि परिपत्रकालाही दंडाचे बळ नाही. त्याचे बळ गावाच्या संमतीत आहे, आणि ते बळ कमी लेखण्याचे कारण नाही, कारण प्रथाही गावाच्या संमतीवरच उभी होती. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांना ५० टक्के आरक्षण असल्याने असे ठराव मांडणाऱ्या आणि त्यांना अनुमोदन देणाऱ्या स्त्रिया आता सभागृहात बसलेल्या असतात. सरपंचबाईंच्या खुर्चीवर त्यांचे पती कारभार करतात अशा तक्रारी आहेत आणि त्या अनेक ठिकाणी खऱ्याही आहेत, तथापि तो त्या खुर्चीभोवतीच्या पुरुषांचा दोष असून आरक्षणाचा नाही. अडचण आहे ती वेगळीच. कुंकू आणि बांगड्या यांचा ठराव टाळ्यांच्या गजरात संमत होतो, कारण त्याने कोणाच्या बांधाला धक्का लागत नाही. सातबाऱ्याचा विषय निघाला की तीच सभा गप्प बसते. विधवेने हळदीकुंकवाला यावे हे मान्य करणाऱ्या गावाने तिचे नाव मालकाच्या रकान्यात लागले आहे की नाही हे विचारले नाही, तर ठराव अर्धाच पाळला गेला असे म्हणावे लागेल.

महसूल विभागाच्या चावडी वाचनात गावासमोर सातबारा व फेरफार वाचून दाखवण्याची पद्धत महाराष्ट्रात रूढ आहे, त्यामुळे हे विचारण्यासाठी नवा कायदा किंवा नवी यंत्रणा लागत नाही. ज्या ज्या ग्रामपंचायतींनी विधवा प्रथाबंदीचा ठराव केला आहे, त्यांनी गावात झालेल्या प्रत्येक मृत्यूनंतर पुढच्या सभेत वारस नोंद वाचावी, विधवेचे आणि मुलींचे नाव तीत आहे का हे तलाठ्याला विचारावे, आणि हक्कसोडपत्रावर सही करण्यापूर्वी बहिणीला तिचा वाटा किती आहे हे समजावून सांगण्याची जबाबदारी घ्यावी.